मुखत्याराची सही

गुरुग्राममधील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात मी नोकरीस असताना एके दिवशी व्यवस्थापनाकडून आमच्या दफ्तरी असे फर्मान येऊन पडले की, हृदयशस्त्रक्रिया विभागात ‘फिजिशियन असिस्टंट’ या हुद्द्यावर जी मंडळी काम करीत आहेत त्यांच्या कामगिरीचे पद्धतशीर मूल्यमापन करावे, रुग्णालयास त्यांचा नेमका उपयोग काय होतो याचा तपशीलवार अहवाल सादर करावा, आणि त्यांची संख्या वाढवावी, आहे तेवढीच राखावी की कमी करावी, याविषयी स्पष्ट शिफारस त्यात असावी. फर्मानासोबत मनुष्यबळ विभागाने आखलेला एक तक्ता जोडलेला होता. डिस्चार्ज समरी किती वेळात तयार झाली, कागदपत्रांत किती चुका निघाल्या, नातेवाइकांच्या तक्रारी किती आल्या, हजेरी कशी आहे, असे त्याचे रकाने होते. आणि शेवटच्या रकान्यात, ‘स्वावलंबन’ अशा भारदस्त मथळ्याखाली, रात्रपाळीत वरिष्ठांना केलेल्या दूरध्वनींची संख्या भरावयाची होती. दूरध्वनी जितके कमी तितके गुण अधिक. या शेवटच्या रकान्याने पुढे मला पुष्कळ काळ गुंतवून ठेवले.

ज्यांनी हे शहर पाहिलेले नाही त्यांना असे सहायक येथेच इतक्या संख्येने का लागतात याची कल्पना येणे कठीण आहे. २०१६ पर्यंत गुडगाव या नावाने ओळखले जाणारे हे गाव, बाजरी-मोहरीची शेते विकून सेक्टरांच्या चौकटींत बसवले गेले तेव्हा कचेऱ्यांच्या काचेच्या इमारतींबरोबरच तेथे रुग्णालयेही उभी राहिली. सेक्टर ५१ मध्ये २००७ साली आर्टेमिस सुरू झाले. सेक्टर ३८ मध्ये २००९ साली डॉ. नरेश त्रेहान यांनी मेदांता उभारले. सेक्टर ४४ मध्ये फोर्टिसचे प्रचंड संकुल आले. रेवाडी, झज्जर, नूह या भोवतालच्या जिल्ह्यांतले शेतकरी आणि बगदाद, ताश्कंद येथून दुभाषे बरोबर घेऊन आलेले श्रीमंत रुग्ण येथे एकाच दिवाणखान्यात आपापल्या क्रमांकाची वाट पाहत बसलेले असतात. परंतु या रुग्णालयांची घडण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाहून मुळातच निराळी आहे. ससून किंवा केईएममध्ये प्राध्यापक आणि रुग्ण यांच्यामध्ये निवासी डॉक्टरांची एक भलीमोठी फळी असते. रात्री-अपरात्री नळी घालणारे, टाके काढणारे, केसपेपर लिहिणारे हात तीच पुरवते. खासगी रुग्णालयात शल्यविशारद दिवसाला दोन-तीन हृदये उघडतो, आणि शस्त्रक्रियागृहाचे दार त्याच्यामागे बंद झाले की वॉर्डात पडलेल्या त्याच्या रुग्णांकडे पाहण्यासाठी तशी फळी उरत नाही. जे थोडे शिकाऊ डॉक्टर असतात ते सर्वत्र पुरे पडत नाहीत. ही पोकळी भरण्यासाठी फिजिशियन असिस्टंट आला.

आमच्या मिरज-सांगलीकडे हीच पोकळी दुसऱ्या रीतीने भरली गेली आहे. तिकडच्या खासगी दवाखान्यांत रात्री जो ‘आरएमओ’ बसलेला असतो तो बहुधा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो, आणि ज्या शास्त्राची सनद त्याने मिळवली त्याहून वेगळ्याच शास्त्राची औषधे तो बिनदिक्कत चालवीत असतो. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी २०१४ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची तरतूद केली. तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्या मानाने फिजिशियन असिस्टंटची वाट सरळ आहे. ज्या कामासाठी त्याला ठेवले जाते तेच काम तो शिकून आलेला असतो, आणि आपण डॉक्टर आहोत असा दावा तो करीत नाही.

या पेशाचा उगम अमेरिकेतला. ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात शुश्रूषेचे काम केलेले चार जण हाताशी धरून १९६५ साली पहिला वर्ग सुरू केला, आणि १९६७ साली त्यांतले तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. हिंदुस्थानात त्याचे बीज रुजवले ते डॉ. के. एम. चेरियन यांनी. १९७५ साली पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात देशातली पहिली बायपास शस्त्रक्रिया करणारे हे शल्यविशारद. आपल्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ साली त्यांनी सहायकांचा अभ्यासक्रम काढला. २०२५ च्या जानेवारीत ते निवर्तले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या शस्त्रक्रियांचे यथायोग्य स्मरण केले; या सहायकांची गोष्ट मात्र थोडक्यांनाच आठवली असावी. आरंभ हृदयशस्त्रक्रियेत झाल्यामुळे आजही या पेशातील पुष्कळ मंडळी त्याच विभागात आढळतात, आणि आरंभ मद्रासेत झाल्यामुळे असेल, आमच्याकडचे बरेचसे सहायक तमिळ आणि मलयाळी होते. हरियाणवी बोली ते वॉर्डातच शिकत.

ज्याच्या निमित्ताने हे सारे सांगते आहे तो तरुण कोट्टयमकडचा. सकाळी साडेसहाला तो वॉर्डात येई, तेव्हा रात्रपाळीच्या परिचारिकांची पाळी अजून संपलेली नसे. रात्रभरातील रक्तदाब, लघवीचे प्रमाण, नळ्यांतून आलेला स्राव, प्रयोगशाळेचे आकडे हे सर्व तो एका घडी घातलेल्या कागदावर उतरवून घेई, आणि सात-सव्वासातला शल्यविशारद फेरीसाठी येत तेव्हा प्रत्येक खाटेपाशी उभा राहून चार वाक्यांत रुग्णाची हकीगत सांगे. त्यानंतर शस्त्रक्रियागृह. बायपाससाठी पायातली लांब शीर काढून घ्यावी लागते. मुख्य शल्यविशारद छाती उघडीत असताना पायाशी उभा राहून ती शीर काढणे, तिच्या बारीक फांद्या एकेक करून बांधणे, हे काम तो करी. दुपारनंतर पुन्हा वॉर्ड, ड्रेसिंगे, विमा कंपन्यांच्या शंकांना उत्तरे, दुसऱ्या दिवशी घरी जाणाऱ्यांच्या समऱ्यांचे मसुदे.

समरीच्या रकान्यात या तरुणाला गुण कमी पडत. एक दिवस त्याचे कारण पाहावे म्हणून मी त्याच्याबरोबर फिरले. हृदयाची झडप बदललेला रेवाडीकडचा एक वृद्ध शेतकरी दुसऱ्या दिवशी घरी जाणार होता. यांत्रिक झडप बसवली की रक्त गोठू नये यासाठी वॉरफेरिन नावाचे औषध जन्मभर घ्यावे लागते, आणि त्याची मात्रा वेळोवेळी रक्त तपासून ठरवावी लागते. समरीचा मसुदा संगणकात जवळजवळ तयार होता, तो तसाच ठेवून हा गृहस्थ खाटेच्या कडेला बसला आणि विचारू लागला, “ताऊ, सर्दियों में साग रोज खाते हो?” म्हातारा हसला. हरियाणातल्या घरात थंडीचे दिवस आणि मोहरीचा पाला नाही, हे संभवतच नाही; कार्तिकापासून होळीपर्यंत सरसों आणि बथुआ रोज चुलीवर असतो. या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते वॉरफेरिनचा प्रभाव कमी करते. उन्हाळ्यात ठरवलेली औषधाची मात्रा थंडीत साग सुरू होताच अपुरी पडू शकते. साग बंद करा असे त्याने सांगितले नाही, कारण ते कोणी ऐकले नसते. जेवढा खाल तेवढाच बारा महिने नेमाने खा, आणि ऋतू पालटला की पंधरा दिवसांत रक्त तपासून घ्या, असे म्हाताऱ्याच्या सुनेला तीनदा म्हणावयास लावून मगच तो उठला. पाऊण तास गेला. तक्त्यात तो उशीर म्हणून नोंदला गेला असणार. सूनबाईंच्या लक्षात राहिलेले वाक्य कोणत्या रकान्यात नोंदावे, याची सोय मात्र मनुष्यबळ विभागाने केलेली नव्हती.

एवढ्यावरून तक्ता सदोष आणि माणूस गुणी, असा निर्वाळा देऊन मी मोकळी झाले असते तर अहवाल लवकर संपला असता. परंतु कागदपत्रांची छाननी करू लागले तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. या सहायकांचे काम कागदावर सापडेचना. रुग्णालयाच्या संगणकात औषधांचे आदेश नोंदवण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत डॉक्टरांना होता, आणि तो तसाच असावयास हवा; कारण आपल्याकडे सहायकास स्वतंत्रपणे औषध लिहून देण्याचा हक्क नाही. पण शल्यविशारद शस्त्रक्रियागृहात अडकलेला, वॉर्डात रुग्णाचे पोटॅशियम घसरलेले, आणि दूरध्वनीवरून आदेश मिळालेला, अशा वेळी प्रत्यक्षात होई ते असे की सहायक साहेबांच्याच परवलीच्या शब्दाने संगणक उघडी आणि आदेश नोंदवी. एका सकाळच्या नोंदी मी शस्त्रक्रियागृहाच्या वहीशी ताडून पाहिल्या. वही म्हणत होती, शल्यविशारद नऊ वाजून पाच मिनिटांनी हात धुऊन टेबलापाशी उभे राहिले आणि सव्वादोनला बाहेर आले. संगणक म्हणत होता, त्याच शल्यविशारदांनी दहा चाळीसला तिसऱ्या मजल्यावरील रुग्णास पोटॅशियमचे सलाईन सुरू करण्याचा आदेश स्वहस्ते दिला. आदेश बरोबर होता, मात्रा अचूक होती, रुग्णास गुण आला. मात्र उद्या हाच कागद न्यायालयात गेला असता तर साहेब एकाच घटकेला दोन मजल्यांवर कसे होते, याचा खुलासा कोणाला करता आला असता? दूरध्वनीवरून दिलेला आदेश ऐकणाऱ्याने परत वाचून दाखवावा, तो कोणी दिला व कोणी घेतला हे नोंदावे, आणि देणाऱ्याने ठरावीक मुदतीत त्यावर सही करावी, असा शिरस्ता कोणत्याही मान्यताप्राप्त रुग्णालयात असतो. आमच्याकडेही तो छापील स्वरूपात होता. सहायकांनी उत्तम काम करावे आणि त्याची नोंद दुसऱ्याच्या नावे पडावी, हा या व्यवस्थेचा मामूल झाला होता. त्यांनी चूक केली असती तरी ती दुसऱ्याच्याच नावे पडली असती. त्यांच्या गुणांचा वा दोषांचा ताळा ज्यावरून घ्यावा अशी वहीच अस्तित्वात नव्हती.

जुन्या मामलेदार कचेरीत वटमुखत्यारपत्राचा जो व्यवहार चाले त्याची मला या ठिकाणी आठवण झाली. मुखत्यार सही करी ती स्वतःच्या नावाने, आणि खाली स्पष्ट लिही की अमुक अमुक यांचेकरिता. कागदावर दोघेही दिसत, आणि मुखत्याराने पत्रातील मर्यादेत राहून जे केले ते धन्यावर बंधनकारक होई. म्हणूनच शहाणा धनी मुखत्यारपत्राचा मसुदा स्वतः वाचून पाही: जमीन कसावयास दिली आहे की विकावयास, हे त्यात लिहिलेले असे. आमच्या सहायकांपाशी असे पत्र नव्हते. कोणी कोणते काम करावे, कोणते समक्ष देखरेखीखाली, कोणते केवळ विचारून, आणि कोणते कधीच नाही, याची यादी व्यक्तिगणिक ठरलेली असावी ही अपेक्षा डॉक्टरांच्या बाबतीत पाळली जाई. सहायकांच्या बाबतीत ती साहेबांच्या मर्जीवर होती. २०२१ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने आपल्या परिशिष्टात या पेशाला प्रथमच नावानिशी स्थान दिले. परंतु राज्योराज्यीच्या परिषदा वेळेवर उभ्या राहिनात, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. माझा अहवाल चालू होता तेव्हा कायदा होता आणि अंमल नव्हता.

आता त्या शेवटच्या रकान्याविषयी. रात्रपाळीच्या पाहणीसाठी मी अधूनमधून न कळवता रुग्णालयात जात असे. अशाच एका रात्री अतिदक्षता विभागात चौथ्या खाटेवर त्या दिवशी बायपास झालेला पन्नाशीचा एक गृहस्थ होता. शस्त्रक्रियेनंतर छातीत ठेवलेल्या नळीतून रक्तमिश्रित स्राव येत राहतो, तो तासातासाला मोजला जातो, आणि तो हळूहळू कमी होत जाणे हे सुचिन्ह मानले जाते. या रुग्णाचा स्राव पहिले काही तास शंभर-सव्वाशे मिलिलीटर होता आणि मग एका तासात एकदम दहावर आला. परिचारिकेने तो आकडा समाधानाने लिहिला. मलाही त्यात वावगे दिसले नाही. आमचा सहायक मात्र त्या कागदापाशी थबकला. त्याने वाकून नळी बोटांत धरून दाबत दाबत वरपर्यंत नेली, आत गोठलेल्या रक्ताची गुठळी हाताला लागली, मग पडद्याकडे पाहिले. नाडी वाढत होती, रक्तदाब थोडथोडा उतरत होता, मानेच्या शिरेतला दाब चढत होता, आणि मागच्या तासातली लघवी नावापुरती होती. एकेक आकडा सुटा पाहिला तर धावपळ करावी असा त्यात कोणताच नव्हता. त्याने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना हाक मारून इकोचे यंत्र आणावयास सांगितले आणि त्याच वेळी शल्यविशारदांना दूरध्वनी लावला. रात्रीचे सव्वादोन वाजले होते. तो बोलला ते इतकेच: “सर, बेड चार. ड्रेन एकदम थांबलाय, प्रेशर उतरतंय, सीव्हीपी चढतोय. मला हे ठीक वाटत नाही, तुम्ही या.” पलीकडून एकही प्रश्न आला नाही. अर्ध्या तासाच्या आत साहेब आले; हृदयाभोवती रक्त साचून हृदय आवळले जात होते, ते त्याच रात्री पुन्हा छाती उघडून मोकळे केले. रुग्ण आठवड्याने चालत घरी गेला.

शस्त्रक्रिया आटोपून साहेब बाहेर आले तेव्हा मी त्यांना विचारले की, त्याने निदानाचे नाव सांगितले नव्हते, तुम्हीही काही विचारले नाही, मग निघालात कसे? ते म्हणाले, “तो ‘ठीक वाटत नाही’ म्हणाला की मी निघतो. दहातल्या सहा वेळा काही निघत नाही. त्या सहाबद्दल मी त्याला कधी बोललो, तर उरलेल्या चार वेळी तो फोन करणार नाही.”

मनुष्यबळ विभागाच्या हिशेबात त्या रात्रीचा दूरध्वनी स्वावलंबनाच्या रकान्यात एक उणा गुण म्हणून जमा झाला.

काही महिन्यांनी विभागाची फेररचना झाली आणि हाच तरुण दुसऱ्या पथकाकडे दिला गेला. त्या पथकाचे प्रमुख हाताने अतिशय निष्णात होते, त्यांच्या शस्त्रक्रियांचे निकालही चांगले होते, हे मी मुद्दाम नमूद करते. कारण त्यांच्याविषयी जे सांगावयाचे आहे ते त्यांच्या कौशल्याविषयी नाही. रात्री दूरध्वनी आला की त्यांचे पहिले वाक्य असे, “इतकंही कळत नाही का?” हे वाक्य रागाचे नव्हते, ती त्यांची बोलण्याची सवयच होती. पुढच्या तिमाहीच्या तक्त्यात आमच्या या तरुणाने विलक्षण प्रगती दाखवली. दूरध्वनी जवळजवळ बंद झाले, समऱ्या वेळेवर निघू लागल्या, स्वावलंबनाचे गुण विभागात सर्वांत अधिक. मी नोंदी उघडून पाहिल्या. झज्जरच्या एका मधुमेही बाईच्या पायाची जखम, शीर काढली होती त्या जागी, रात्री लाल आणि गरम झाल्याचे परिचारिकेने लिहिले होते; सहायकाने ते पाहिल्याची खूण होती; आणि पुढे शेरा होता, सकाळच्या फेरीत दाखवणे. सकाळची फेरी शस्त्रक्रियेमुळे दुपारवर गेली, दुपारची घाईत झाली, आणि जखम उघडावी लागली तोवर दोन दिवस उलटले होते. बाई बऱ्या झाल्या, पण घरी जावयास तीन आठवडे लागले. मी त्याला एकान्ती विचारले. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, तिकडे मी जे पाहायचो ते सांगायचो. इकडे आधी माझी खात्री व्हावी लागते.”

या उत्तराने माझ्या अहवालाची दिशा ठरली. माणूस तोच होता, शिक्षण तेच, डोळे तेच. बदलला होता तो दूरध्वनीच्या पलीकडचा आवाज. ज्याला आपण सहायकाची कामगिरी म्हणतो ती त्याच्या एकट्याची कधीच नसते. ती दोघांची असते, आणि त्यांतल्या एकालाच तक्त्यावर बसवले की आकडे खोटे बोलू लागतात. सबब मोजावयाचे ते पथक मोजावे: सहायकाने किती वेळा विचारले यापेक्षा कशाविषयी विचारले, विचारल्यावर वरिष्ठ किती वेळात आला वा उत्तरला, न विचारता जे राहून गेले त्याचे रुग्णावर काय परिणाम झाले. यात शल्यविशारदांचेही मूल्यमापन आपोआप होते. व्यवस्थापनाला ते नको होते, असा माझा कयास आहे.

मी काही नवे शोधून काढले होते असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकवली, जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याचा अधिकारही दिला, आणि डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ३९ गावांत हा प्रयोग आणि तुलनेसाठी ४७ गावे, आणि प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंच्या प्रमाणात ६२ टक्क्यांची घट. त्या स्त्रियांनी किती घरभेटी दिल्या यावरच बंग दांपत्याने समाधान मानले असते तर जगाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. त्यांनी गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढून जे ग्रामीण सहायक तयार केले, त्यांच्या कामाची डॉक्टरांच्या कामाशी तुलना पुढे कृष्ण राव आणि सहकाऱ्यांनी केली, आणि प्राथमिक केंद्रात नेहमी येणाऱ्या आजारांपुरते ते एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीस तोड ठरले. अभ्यासक्रम मात्र त्याआधीच बंद पडला होता. अर्थात तिकडचा सहायक केंद्रात एकटाच बसलेला असतो आणि आमचा शल्यविशारदाच्या छत्राखाली असतो, त्यामुळे तिथले माप इथे जसेच्या तसे लावता येत नाही. पण माप रुग्णाच्या बाजूने घ्यावे, एवढे दोन्हीकडून शिकता येते.

रुग्णांच्या बाजूचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. आमच्या सहायकांच्या अंगावर डॉक्टरांसारखाच पांढरा कोट असे, आणि हरियाणातला रुग्ण पांढऱ्या कोटाला ‘डॉक्टर साहब’ म्हणणारच. काही जण “मी डॉक्टर नाही, त्यांचा सहायक” असे दर वेळी सांगत. काही जण थकून सांगणे सोडून देत. एखाद्याला ते ऐकावयास गोडही लागत असेल, त्याला मी नावे ठेवीत नाही. विलायतेत याच गोंधळाने मोठे वादळ उठले. तेथे प्राध्यापिका जिलियन लेंग यांनी सरकारच्या सांगण्यावरून चौकशी करून २०२५ च्या जुलैमध्ये जो अहवाल दिला त्यात या मंडळींचा पोशाख व बिल्ले वेगळे असावेत, ज्याच्या आजाराचे निदान झालेले नाही असा रुग्ण सरसकट त्यांच्याकडे सोपवू नये, आणि त्यांना ‘असोसिएट’ न म्हणता पुन्हा ‘असिस्टंट’ म्हणावे, अशा शिफारशी आहेत. पेशाच बंद करा असे मात्र त्यांनीही म्हटले नाही. आमच्या शहरात उलट धोका अधिक आहे: निवासी डॉक्टरापेक्षा सहायक स्वस्त पडतो हे एकदा जमाखर्चाच्या लक्षात आले की, मदतीसाठी आणलेल्या माणसाला बदलीवर उभे करण्याचा मोह आवरत नाही. मी ज्या रात्री पाहणीला जाई त्यांतल्या एखाद्या रात्री वॉर्डात सहायक एकटा असे, आणि ज्या डॉक्टराच्या नावे ती पाळी होती तो दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या विभागाची पाळी करीत असे.

अहवालात मी संख्येविषयी लिहिले की सहायक अवश्य वाढवावेत, परंतु एकाही डॉक्टराच्या जागी नव्हे. त्याखेरीज तीन मागण्या केल्या: प्रत्येकास कामांची लेखी मर्यादा ठरवून द्यावी आणि तीवर त्याच्या शल्यविशारदाचीही सही असावी, संगणकात सहायकास स्वतःच्या नावाचे दार मिळावे, ज्यातून तो आदेश प्रस्तावित करील आणि डॉक्टर मंजूर करतील, आणि स्वावलंबनाचा रकाना काढून टाकून गुणांकन पथकवार व्हावे. सोबत कोटाचा रंग बदलण्याची सूचना होती. कोट महिन्याभरात बदलले, फिकट निळे आले. मर्यादांच्या याद्या तयार झाल्या. दुसऱ्या पथकाच्या प्रमुखांनी आपली यादी न वाचता सही केली आणि पहिल्या पथकाच्या प्रमुखांनी चार दुरुस्त्या करून परत पाठवली. संगणकातील दारासाठी दरपत्रके मागवण्यात आली. काम लांबले, पण झाले, आणि साहेब एकाच घटकेला दोन मजल्यांवर दिसणे बंद झाले.

पथकवार गुणांकनाच्या बैठकीत मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख बाईंनी मला अत्यंत सौजन्याने विचारले की, गुण दोघांचे म्हणता, तर वेतनवाढ कोणाच्या फायलीत घालायची? शल्यविशारदांचे मानधन तर शस्त्रक्रियांच्या संख्येवर ठरते. मी म्हटले, निदान सहायकाची तरी वेतनवाढ त्या दूरध्वनींवर अडवू नका. त्यांनी ते लिहून घेतले. त्या वर्षीची वेतनवाढ जुन्याच तक्त्यावरून झाली, आणि तीत आमच्या कोट्टयमच्या तरुणाला, दुसऱ्या पथकातल्या कामगिरीबद्दल, विभागातली सर्वांत मोठी रक्कम मिळाली. आदेश हातात आल्यावर त्याने मनुष्यबळ विभागाकडे अर्ज केला तो पहिल्या पथकाकडे परत बदलीचा. कारणाच्या ओळीत लिहिले होते, ‘वैयक्तिक’.